आईचा साधा फोटो

आमच्या बाजारात माझ्या नवऱ्याला त्याच्या खऱ्या नावाने कोणी ओळखत नाही. सगळे त्याला धुकेकर म्हणतात. हे नाव त्याला प्रिंटिंगच्या लॅबवाल्याने ठेवलं, आणि ते असं चिकटलं की दुकानाच्या पाटीवर दुसरंच आडनाव असूनही लोक आत येऊन विचारतात, "धुकेकर आहेत का?" मीही "बसा, बोलावते" म्हणते.

कारण साधं आहे. हा लेन्सपुढे काच लावल्याशिवाय माणसाचा फोटो काढत नाही. डिफ्यूजन फिल्टर म्हणतात त्या काचेला. चष्म्याच्या काचेसारखी गोल असते, पण उजेडासमोर धरली की आत बारीक बारीक कण दिसतात, कोणीतरी तोंडाची वाफ सोडून पुसायला विसरलंय अशी. त्या काचेतून फोटो काढला की मागच्या दिव्यांभोवती मऊ वलयं येतात, काळा रंग जरा राखाडीकडे झुकतो, आणि माणसाची कातडी सायीसारखी होते. सुरकुत्या, पुटकुळ्या, डोळ्यांखालची काळी वर्तुळं, सगळं आत कुठेतरी विरघळून जातं. सिनेमातला फोटो वाटतो. याच्या जोरावर आमचं दुकान चाललं. लग्न ठरवायला निघालेल्या मुली, नाटकात काम शोधणारी पोरं, निवृत्त होणारे साहेब, सगळे दारात, सगळ्यांना धुकं हवं.

फिल्टरचे नंबर असतात. अष्टमांश, पाव, अर्धा, एक. मोठा नंबर म्हणजे दाट धुकं. धुकेकर गिऱ्हाइकाकडे एकदाच बघायचा आणि नंबर ठरवायचा. मला नंतर कानात सांगायचा, "पाव चालला असता, पण बाईंचा स्वतःवर राग आहे. अर्धा लावला." इतकं माणूस ओळखायचा तो.

आणि घरात त्याच्यासमोर बसायला कायमचं गिऱ्हाईक एकच. त्याची आई.

माझ्या सासूबाईंनी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बत्तीस वर्षं ऑपरेटरचं काम केलं. आवाज असा की ऐकणाऱ्याने फोन ठेवूच नये. त्या स्वतःच सांगायच्या, "आवाज ऐकून चार जणांनी मागणी घातली. चौघेही चेहरा बघून चहा न पिता गेले. पाचवा आला तो कानाने जरा कमी ऐकायचा, त्याच्याशी झालं." आणि खो खो हसायच्या. लहानपणी त्यांना देवी आल्या होत्या. सगळ्या चेहऱ्यावर वण होते, कपाळापासून हनुवटीपर्यंत. पहिल्यांदा बघणारा माणूस नजर कुठे ठेवावी म्हणून गडबडायचा. माझं लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा मीही गडबडले होते. आठ दिवसांत मला ते वण दिसेनासे झाले, जसं आपल्याच घरातल्या भिंतीचे पोपडे दिसत नाहीत तसं.

धुकेकरला ते दिसत राहिले. शाळेत पोरं त्याला काय काय बोलत ते त्याने मला एकदाच सांगितलं, पुन्हा नाही. एकोणीस वर्षांचा असताना त्याने उसना कॅमेरा आणला, ताईच्या म्हणजे त्याच्या मोठ्या बहिणीच्या जुन्या नायलॉनच्या मोज्याचा तुकडा कापून लेन्सवर ताणून बसवला, आणि आईला खिडकीजवळ बसवून फोटो काढला. फोटो धुवून आला. त्यात आईच्या चेहऱ्यावर एकही वण नव्हता. आईंनी तो बराच वेळ हातात धरला आणि विचारलं, "अशी असते का मी?"

हा किस्सा तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा. सांगताना त्याचा आवाज भरून यायचा. आईला आपण काय दिलं, याचा त्याला अभिमान होता.

त्यानंतर नवा फिल्टर आला की पहिला मान आईचा. त्यांना खिडकीशी बसवायचं, मागे पिवळा दिवा लावायचा. आधी एक साधा फोटो, काचेशिवाय, तुलनेसाठी. मग अष्टमांश, पाव, अर्धा, एक. मग सगळे फोटो मोठ्या पडद्यावर शेजारी शेजारी लावून बघायचे आणि पहिला, साधा, पुसून टाकायचा. मी एकदा म्हटलं, "राहू दे की." तर म्हणाला, "साधा कशाला ठेवायचा? तो काय, कोणीही काढेल."

आणि कोणी काढायला गेलं तर तेही याला खपायचं नाही. मी मोबाईल पुढे केला की म्हणायचा, "घरात फोटोग्राफर असताना हे खेळणं कशाला काढतेस? आईला चांगली दिसू दे." हळूहळू मी सोडून दिलं.

गेली दोन वर्षं आईंना विसर पडत होता. आधी चष्मा, मग वार, मग माझं नाव. मला त्या "ड्यूटीवरची" म्हणायच्या. "ड्यूटीवरची, चहा आण." आकडे मात्र पाठ. चाळीस वर्षांपूर्वीचे टेलिफोन नंबर धडाधड म्हणायच्या, पाढे म्हणावेत तसे. डॉक्टरांनी सांगितलं होतं, एकट्यांना बाहेर सोडू नका. आम्ही दाराला वरच्या अंगाला कडी लावून घेतली होती.

त्या सोमवारी सकाळी अकराच्या सुमाराला खाली दुकानात एका नव्या नटाचे फोटो चालले होते. धुकेकर त्याला दिव्यांच्या माळेसमोर उभा करून "हनुवटी खाली, डोळे वर" असं करत होता. मी वर घरात होते. कपड्यांची बादली घेऊन गच्चीवर गेले. दोन्ही हातांत ओझं, म्हणून दार नुसतं ओढून घेतलं. कडी लावली नाही. हे मी इथेच सांगून टाकते. कडी मी लावली नाही. दहा मिनिटांनी खाली आले तर दार उघडं, आईंची खुर्ची रिकामी, आणि दाराशी काढलेल्या माझ्या चपला नव्हत्या.

जिना उतरताना त्या दुकानाच्या काचेसमोरूनच गेल्या असणार. दिव्यांसाठी आतले पडदे ओढलेले होते.

आम्ही गल्ल्या पालथ्या घातल्या. भाजीवाला, दवाखाना, बसथांबा, जुनं एक्स्चेंज. दुपारी दोनला पोलीस ठाण्यात गेलो. तिथले साहेब शांत माणूस होते. म्हणाले, "फोटो द्या. अलीकडचा, समोरून, स्पष्ट."

धुकेकरने लॅपटॉप उघडला. आईंचे तीनशेच्या वर फोटो होते. साहेबांनी दहा-बारा पुढे सरकवले आणि थांबले.

"हे कॅलेंडरचे झाले," ते म्हणाले. "मला बाई पाहिजे. अशी, समोर उभी राहिली तर हवालदार ओळखेल अशी."

"हीच आहे ती," धुकेकर म्हणाला.

"वय काय म्हणालात?"

"अठ्ठ्याहत्तर."

साहेबांनी पुन्हा पडद्याकडे पाहिलं. पडद्यावरच्या बाईला कोणी साठीचीही म्हटलं नसतं. उजेडात न्हालेली, गालावर रेघ नाही, मागे सोनेरी गोळे. "दुसरा काही नाही?" त्यांनी विचारलं.

ओळखपत्रावरचा फोटो वीस वर्षांपूर्वीचा, केस काळेभोर, अंगठ्याएवढा. मोठा केला तर नुसता काळा डाग. माझ्या मोबाईलमध्ये एकही नाही. ताईला फोन लावला. ती दुसऱ्या गावाला असते. तिच्याकडे चार निघाले. चारही फोटोंत आईंनी हात पुढे करून तोंड झाकलेलं. "काढू नको गं, त्याला आवडत नाही," असं म्हणत होत्या तेव्हा, ताई म्हणाली.

शेवटी पाव नंबरचा एक फोटो दिला. त्यातल्या त्यात स्पष्ट. तोच पोलिसांनी सगळ्या ठाण्यांना पाठवला, तोच आम्ही छापून भिंतींवर लावला, तोच मोबाईलवरून गावभर फिरला. खालचा मजकूर धुकेकरने लिहिला. वय, उंची, निळा स्वेटर, विसरण्याचा आजार. मी वाचून म्हटलं, "अरे, वणांचं लिहिलं नाहीस."

तो कागद छापायला लागला. मी पुन्हा म्हटलं.

"फोटो आहे ना," तो म्हणाला. "लोक फोटो बघतात. मजकूर कोण वाचतं?"

मी हट्ट करायला हवा होता. पण दार मी उघडं टाकलं होतं. ज्याने मला त्या दाराबद्दल चकार शब्द विचारला नव्हता, त्याच्याशी कुठल्या तोंडाने हुज्जत घालणार?

फोन यायला लागले. चांगुलपणाने करणारे लोक होते सगळे. अमक्या दुकानात बाई बसल्यात, तमक्या बागेत आहेत. धुकेकर प्रत्येक वेळी धावत गेला. आणि प्रत्येक वेळी समोर कोण, तर नीटनेटक्या, तुकतुकीत, ठेवणीतल्या म्हाताऱ्या. एक निवृत्त मुख्याध्यापिका बसची वाट बघत होत्या. त्यांनी याला असं फैलावर घेतलं की लोक जमले. "मी हरवलेली दिसते का तुम्हाला?" घरी येऊन त्याने मला सांगितलं तेव्हा मला हसू आलं. त्यालाही आलं. मग आम्ही दोघं एकमेकांकडे बघायचं टाळून बसलो.

तिसऱ्या दिवशी ताई आली. चौथ्या दिवशी धुकेकरला पुसलेले फोटो आठवले. संगणक दुरुस्त करणाऱ्या त्याच्या एका मित्राने सगळी जुनी कार्डं तपासली. म्हणाला, "यावर तू शंभरदा नवं भरलंस रे. खाली काय राहणार?" तरी सहा तास बसून त्याने एक फोटो अर्धामुर्धा वर काढला. खिडकीची चौकट आली, आईंचे पांढरे केस आले, कपाळाची एक बोटभर पट्टी आली. त्याखाली नुसते राखाडी पट्टे. कपाळाच्या त्या पट्टीवर दोन वण स्पष्ट दिसत होते. धुकेकर पडद्याच्या इतका जवळ गेला की त्याच्या श्वासाने काच धुरकट झाली.

पाचव्या दिवशी दुपारी त्याने दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि पाव नंबरच्या फोटोवरच काम करायला बसला. फोटो स्वच्छ करणारं, चेहरा तीक्ष्ण करणारं एक नवं सॉफ्टवेअर आहे. त्यात घातला. त्याने चेहरा तीक्ष्ण केला, पण तो भलत्याच बाईचा. दात कुठलेतरी, भुवया कुठल्यातरी. मग त्याने पेन उचललं आणि हाताने सुरकुत्या काढायला लागला. आयुष्यभर ज्या हाताने पुसल्या त्याच हाताने. मी आणि ताई मागे उभ्या होतो. डोळ्यांच्या कडेला काढल्या, ओठांवर काढल्या. मग गालावर वण. एक काढला, पुसला. थोडा खाली काढला. पुसला.

"इथे होता का गं?" त्याने विचारलं. "नाकाच्या या बाजूला मोठा होता ना एक? का इकडे?"

ताईने पडद्यावरून नजर काढून त्याच्याकडे पाहिलं.

"ताई, सांग ना. तू मोठी आहेस. तू बघितलंयस तिला."

"तू नाही बघितलंस?" ताई म्हणाली.

"मला आठवत नाहीये."

"तो मोज्यातून काढलेला फोटो आठवतो?" ताईचा आवाज एकदम खाली गेला. "सगळ्यांना सांगत फिरतोस, आई म्हणाली अशी असते का मी. त्यानंतर काय म्हणाली ते मला माहितीये. तू बाहेर गेलास, तिने तो फोटो कपाटात कपड्यांच्या खाली ठेवला. मला म्हणाली, पोराला माझं तोंड आवडत नाही गं. आणि भाजी चिरायला बसली."

धुकेकरने पेन खाली ठेवलं. मला वाटलं तो ओरडेल, ताईला घराबाहेर काढेल. तो म्हणाला, "मग दर वेळी बसायची का माझ्यासमोर?"

"तू बोलवायचास म्हणून," ताई म्हणाली. "तास तास तू तिच्याकडे बघत बसायचास म्हणून. एरवी कधी बघायचास?"

त्या दिवसानंतर ती दोघं एका खोलीत बसली नाहीत. शोधायला जायची तीही वेगवेगळ्या दिशांनी. जेवण मी दोन पाळ्यांत वाढायचे.

आमच्या दुकानाला लागून चष्म्याचं दुकान आहे. तिथल्या काकांना सगळे चष्मेकाका म्हणतात. मुलीच्या बाळंतपणासाठी ते आणि काकू पंधरा दिवस बाहेरगावी होते, त्यामुळे त्यांना काहीच माहीत नव्हतं. नातवाच्या धांदलीत मोबाईलही बघितला नसेल. अकराव्या दिवशी सकाळी ते आले. त्यांच्या बंद शटरवर आम्ही कागद चिकटवला होता. तो वाचत ते बराच वेळ उभे होते. मी पायरीवर होते. मला वाटलं, आता येऊन काहीतरी धीराचं बोलतील.

ते माझ्याकडे वळून म्हणाले, "कोण हो ही बाई? तुमच्या नात्यातली?"

मला आधी कळलंच नाही काय विचारतायत.

"काका, आई आहेत त्या. आमच्या आई."

"ही?" त्यांनी कागदाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. बावीस वर्षं ते आईंना रोज बघत होते. आई रोज संध्याकाळी त्यांच्या दुकानात बसून त्यांना जुने नंबर म्हणून दाखवायच्या. "ही आपली आजी? अगं, पण... ही कुठे तशी दिसते?"

मग त्यांनी खिशातून मोबाईल काढला. त्यांची एक पद्धत आहे. नवी फ्रेम घालून बघताना माणसाला चष्म्याविना आरशातलं नीट दिसत नाही, म्हणून ते मोबाईलने फोटो काढतात आणि मग जुना चष्मा लावून तो बघायला देतात. दीड महिन्यापूर्वी आईंची फ्रेम बदलली होती. मीच घेऊन गेले होते, आणि मीच विसरले होते. तीन फोटो होते. तीन फ्रेममध्ये तीन. दुकानाच्या पांढऱ्या ट्यूबलाइटखाली, समोरून, एक एक वण, एक एक रेघ. तिसऱ्या फोटोत त्या हसत होत्या आणि वरचा पडलेला दात दिसत होता.

मी तो मोबाईल धुकेकरपुढे धरला. त्याने तो माझ्या हातातून घेतला. नुसता मान हलवत राहिला, हो हो हो अशी, जसं कोणी आपल्याला समजावून सांगतंय आणि आपल्याला पटतंय.

दुपारी बाराला आम्ही तो फोटो पोलिसांना पाठवला, आणि तोच मोबाईलवरून सगळीकडे. या वेळी मजकुरात मी वणांचं लिहिलं.

दोन वाजून दहा मिनिटांनी फोन आला. शहराच्या दुसऱ्या टोकाला एक मोठं सरकारी रुग्णालय आहे. तिथल्या वॉर्डातल्या सिस्टर बोलत होत्या. फोन मी घेतला. त्यांनी आधी विचारलं, "तुम्ही कोण त्यांच्या?" मी सून म्हटल्यावर त्या थांबल्या. मग म्हणाल्या, "घरात कोणी मोठं माणूस आहे का?" तिथेच मला समजलं.

आई तिथे पहिल्या दिवसापासून होत्या. सोमवारी दुपारी कोणीतरी त्यांना रस्त्यात पडलेलं बघून आणून सोडलं होतं. खुब्याचं हाड मोडलं होतं. मग छातीत कफ झाला. अकराव्या दिवशी आम्ही फोटो पाठवला. त्या दहाव्या दिवशी पहाटे गेल्या. आम्ही एका दिवसाने चुकलो. नाही, तसं म्हणता येणार नाही. आम्ही दहा दिवसांनी चुकलो.

शवागारात ताई आणि धुकेकर एकत्र आत गेले. मी दाराशी थांबले. बाहेर आल्यावर ताई बाकावर जाऊन बसली. धुकेकर माझ्याजवळ आला आणि अगदी साध्या आवाजात म्हणाला, "डाव्या बाजूला आहे. नाकाच्या डाव्या बाजूला." मी हो म्हटलं. सही कुठे करायची ते कारकुनाने दाखवलं, त्याने केली. संध्याकाळपर्यंत सगळं उरकलं.

महिन्याभराने त्या सिस्टर आमच्या दुकानात आल्या. मी त्यांना ओळखलं नाही. साध्या कपड्यांत होत्या, हातात पिशवी. पिशवीत निळा स्वेटर, धुऊन घडी केलेला. "आणलं तेव्हाच खाली काढून ठेवला होता, वॉर्डात आलाच नव्हता. राहून गेला," म्हणाल्या. हे निमित्त होतं. बसल्या, पाणी प्यायल्या, आणि धुकेकर वरून खाली आल्यावर रडायलाच लागल्या.

"मी बघितला होता तुमचा फोटो," त्या म्हणाल्या. "दुसऱ्याच दिवशी. माझ्या भावाने पाठवला होता. वॉर्डात अनोळखी बाई आहे, म्हटलं बघावं. मी मोबाईल त्यांच्या तोंडाशेजारी धरून बघितला हो. शपथेवर सांगते. इकडून बघितला, तिकडून बघितला. डॉक्टरांना दाखवला. ते म्हणाले, काहीतरीच काय सिस्टर. पोलीस आले होते, त्यांच्याकडेही तोच फोटो. तेही नाही म्हणाले."

"काय वाटलं तुम्हाला फोटो बघून?" धुकेकरने विचारलं.

त्या माझ्याकडे बघायला लागल्या.

"सांगा ना."

"मला वाटलं, कोणी नटी असेल जुनी. श्रीमंताघरची. मनात म्हटलंसुद्धा, हिला शोधायला किती लोक निघाले असतील. आणि आमच्या या बाईला कोणी विचारत नाही."

माझ्या हातातला ट्रे टेबलावर आदळला.

"काही बोलायची का?" धुकेकरने विचारलं.

"आकडे म्हणायच्या. सारखे एकच. पाच-सात आकडे. आम्हाला वाटलं असंच काहीतरी. एका पोरीला सुचलं की फोन नंबर असेल, तिने लावूनही बघितला. हा नंबर अस्तित्वात नाही, म्हणाला." त्यांनी ते आकडे सांगितले. घरातल्या जुन्या फोनचा नंबर होता तो. ती सेवा बंद होऊन बारा वर्षं झाली होती.

"आणि मला?" धुकेकर म्हणाला. "मला हाक मारली कधी? माझं नाव घेतलं?"

खोटं बोलायला हरकत नव्हती. मी मनातून त्यांना विनवत होते की बाई, बोला खोटं. पण ती बाई प्रामाणिक होती. प्रामाणिक होती म्हणूनच तर आली होती.

"नाही," त्या म्हणाल्या. "पण शेवटच्या दोन दिवसांत कोणी जवळ गेलं, निरखून बघायला लागलं, की त्या पदर नाहीतर चादर, जे हाताशी येईल ते तोंडावर ओढून घ्यायच्या. आम्हाला वाटायचं, उजेडाचा त्रास होत असेल."

धुकेकर उठला आणि जिन्याने वर गेला. सिस्टरनी मला विचारलं, "मी यायला नको होतं का?" मी म्हटलं, "तसं नाही हो." दुसरं काय म्हणणार? त्यांना बसथांब्यापर्यंत सोडून आले. वाटेत त्या त्यांच्या मुलाच्या परीक्षेबद्दल बोलत होत्या आणि मी ऐकत होते.

याला आता दीड वर्ष होत आलं. ताईने पहिले काही महिने मला फोन केले, त्याची चौकशी न करता. आता तेही थांबले. तिचं म्हणणं एवढंच आहे की तिला आईचा फोटो भिंतीवर लावायचाय आणि तिच्याकडे नाही. चष्मेकाकांचे तीन मी तिला पाठवले होते. तिने लावले नाहीत. म्हणाली, "ते त्यांनी फ्रेम बघायला काढलेले आहेत. तिला बघायला नाही काढलेले."

दुकान मी चालवते. मला फोटो बरे जमतात, फार नाही. गिऱ्हाईक धुकं मागतं आणि मी लावते. का नाही लावणार? त्यांची काय चूक? कोणी म्हातारी आली तर मात्र माझे हात जड होतात. एक साधाही काढून ठेवा, असं अजून तरी मी कोणाला सांगितलेलं नाही.

धुकेकर वरच असतो. आजारी म्हणावं असं काही नाही. जेवतो, अंघोळ करतो, सांगितलं तर दळण आणतो. मी एकदा धीर करून म्हटलं, "कडी मी लावली नव्हती. तू मला कधीच काही बोलला नाहीस." तो म्हणाला, "कडीचं काय घेऊन बसलीस? दार काय, कोणाचंही उघडं राहतं." ते त्याने मला माफ करायला म्हटलं की त्याला आता कशाचंच काही वाटत नाही म्हणून म्हटलं, ते मला कळलं नाही. मी त्याच्या तोंडाकडे बघितलं. तो खिडकीकडे वळला.

लोक म्हणतात, वेळ जाऊ द्या, काळ हे औषध आहे, येईल माणसांत. डॉक्टरही तेच म्हणतात. मीही म्हणते, कोणी विचारलं तर. म्हणायला काय जातं? सकाळी उठून तो विचारतो, "आज काय करू?" मी काहीतरी सांगते. भाजी आण, नाहीतर पाण्याची टाकी बघून ये. तो करून येतो आणि पुन्हा विचारतो.